व्हेनिसची विहीर

माझे चुलते बद्रीनाथ आयुष्यात एकदाच परदेशी गेले. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. इंग्लंडात ते दोन वर्षं राहिले, पण तिथलं काही विचारलं तर "मातीचं शिकलो" एवढं सांगून गप्प बसायचे. जाताना वाटेत व्हेनिसला त्यांना एक दिवस मिळाला होता. त्या दिवसावर मात्र जेवलेला हात वाळेपर्यंत बोलायचे. तो दिवस मी इतक्यांदा ऐकला आहे की मधला एखादा पूल त्यांच्याकडून राहिला तर मी बसल्या जागेवरून आठवण करून द्यायचे. तात्या चिडायचे. "तिथं तू गेल्ती का मी गेल्तो?" म्हणायचे, आणि मग तो पूल ओलांडूनच पुढे जायचे.

तो दिवस समजायला आधी आमच्या गावचं पाणी समजायला हवं. आमचं गाव भोकरदनहून तीन कोसांवर. तेव्हा राज्य निजामाचं. गावात विहिरी दोन आणि दोन्ही खाऱ्या. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि बाहेरगावचा बैल तोंड लावून मान फिरवायचा. प्यायचं पाणी नदीवरून आणायचं, जायला दीड कोस, यायला दीड कोस. उन्हाळ्यात नदी आटली की बाया पात्रातली वाळू हाताने उकरून झिरा काढायच्या. त्यात हळूहळू गोड पाणी पाझरायचं, ते करवंटीने घागरीत भरायचं. एक घागर भरेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं.

माझी आजी गोजरबाई अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या गावात आली आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याला जाऊ लागली. डोक्यावर जिथे चुंबळ ठेवायची तिथे तिचे केस उरले नव्हते. पदर सरकला की ती जागा दिसायची, तळहाताएवढी गुळगुळीत. आम्ही पोरं हसायचो. आता आठवलं की लाज वाटते.

तात्या तिचा धाकटा मुलगा. थोरले माझे वडील, भुजंग, ते शेती करायचे. तात्या जालन्यात राहून उर्दूतून मॅट्रिक झाले, मग हैदराबादला गेले आणि सरकारने त्यांना वजिफा देऊन शेतकी शिकायला विलायतेला पाठवायचं ठरवलं. गावाने हार घातले. आजीने शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरला, त्याला पंधरा-वीस वेढे सुतळी गुंडाळली, जणू चटणी पळूनच जाणार होती, आणि निघताना त्यांना बजावलं.

"सायेब हो, बालिष्टर हो, कायबी हो. पण पाणी गोड करायची इद्या घेऊन ये बद्री. न्हाईतर येऊच नको."

तात्या म्हणायचे, गावाने घातलेले हार मुंबईच्या गाडीत बसायच्या आधीच सुकले, पण हे वाक्य काही केल्या खाली ठेवता आलं नाही.

हे सगळं सदतीस सालच्या जूनमधलं. बोट सकाळी सातला व्हेनिसला लागली. पुढची आगगाडी संध्याकाळी साडेसहाला. बरोबर दीनानाथ होता, जालन्यातल्या मस्तगडच्या वकिलाचा मुलगा, तात्यांचा शाळासोबती. तो खरोखरच बॅरिस्टर व्हायला निघाला होता. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर नवी हॅट. तात्यांच्या अंगावर हैदराबादेत शिवलेला लोकरी कोट आणि पायात तिथेच घेतलेले बूट. बोटीवर ते बूट फारसे घालावे लागले नव्हते, त्यामुळे ते किती चावतात हे व्हेनिसला कळलं. सामान स्टेशनावर टाकलं आणि दोघं मोकळे झाले. तात्यांच्या हातात फक्त चटणीचा डबा. तो सामानात ठेवायला त्यांची तयारी नव्हती.

स्टेशनाच्या पायऱ्या उतरल्या तर समोर रस्ता नाही, पाणी. तात्या सांगायचे, "मी म्हणलं पूर आला की काय." पण लोक निवांत होते. भाजी नावेतून चाललेली, टपाल नावेतून, एक पलंग आणि त्याच्यावर बसलेली बाई, तीही नावेतून. आमच्या गावात घोटभर पाण्यासाठी तीन कोसांची पायपीट, आणि इथे लोकांच्या उंबऱ्याशी पाणी. तात्या सरळ शेवटच्या पायरीवर बसले, ओंजळ भरली आणि तोंडात घेतली.

लगेच थुंकले.

"अरे येड्या!" दीनानाथ ओरडला. "समुद्राचं पाणी हाय ते! लोकं बघून राह्यले!"

"आपल्या विहिरीहून वंगाळ," तात्या तोंड पुसत म्हणाले. "मंग हे लोकं पितात काय?"

"नळाचं पितात. चल जल्दी."

"नळ आत्ता आला असंल. गाव तर जुनं दिसतंय. त्याच्या आधी काय पीत व्हते?"

दीनानाथला याचं उत्तर माहीत नव्हतं आणि नसल्याचं दुःखही नव्हतं. त्याला चर्च, राजवाडे आणि नावेतला फोटो हवा होता. तात्यांच्या डोक्यात मात्र तो प्रश्न सकाळी साडेसातला शिरला आणि तिथेच मुक्कामाला बसला.

दुपारपर्यंत त्यांनी काय काय पाहिलं त्याची यादी मोठी आहे. काळी लांबोडकी नाव, तिचा नावाडी एकाच वल्ह्याने ती वळवायचा आणि कोपऱ्यावर येताना बैलगाडीवाल्यासारखी हाळी द्यायचा. मोठ्या चौकातली कबुतरं. दीनानाथच्या हॅटवर एक बसलं आणि त्याने हॅटचं जे करायचं ते केलं. पुढे एका पुलावर वाऱ्याने तीच हॅट पाण्यात पडली, आणि खालून जाणाऱ्या कोबीच्या नावेतल्या माणसाने ती वल्ह्याने उचलून वर फेकली. पुलावरचे सगळे लोक टाळ्या वाजवू लागले. दीनानाथने वाकून सलाम केला. तात्या हे सांगताना दर वेळी खो खो हसायचे.

पूल मात्र संपेनात. चढायचं, उतरायचं, गल्ली, पुन्हा पूल. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून बाई आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. तीनदा ते चालत चालत त्याच पावाच्या दुकानापाशी आले. तिसऱ्या वेळी दुकानदारीणच हसली, म्हणून त्यांनी तिच्याकडून पाव आणि चेरी घेतल्या. तात्यांच्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या. बसायला जागा शोधत ते एका लहानशा फरसबंद चौकात आले, आणि तिथे मधोमध एक विहीर होती.

आमच्या भागातला माणूस विहीर दिसल्यावर वाकून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. पाणी किती, कुठवर, एवढं तरी बघणारच. दगडी काठ कमरेएवढा, त्याला दोन पायऱ्या. तात्यांनी पायरीशी बूट काढले, कारण विहिरीवर पायताण घालून चढत नाहीत, आणि अनवाणी वर गेले. विहिरीवर लोखंडी झाकण होतं, त्याला कुलूप.

तात्यांचा चेहरा पडला. आमच्याकडे विहीर बंद करतात ती एकाच कारणाने, कुणी तिच्यात जीव दिला असेल तर. त्यांनी झाकणाला हात लावून नमस्कार केला आणि खाली उतरले. शेजारच्या दारात एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता आणि हा अनवाणी कोटवाला काय करतोय हे बघत होता. तात्यांनी इंग्रजीत हळू आवाजात विचारलं, किती वर्षं झाली?

"त्रेपन्न," म्हातारा म्हणाला.

"बाई होती की माणूस?"

म्हातारा गोंधळला. थोडा विचार करून म्हणाला, "नगरपालिका."

दीनानाथ हसून हसून पायरीवर बसला. मग उलगडा झाला. म्हाताऱ्याने जन्मभर बोटीवर खानसाम्याचं काम केलं होतं, मुंबई दहा-बारा वेळा पाहिली होती. त्याला मोडकं इंग्रजी यायचं आणि "पानी", "जल्दी", "गरम" असे चार शब्द. त्रेपन्न वर्षांपूर्वी शहरात नळ आले आणि नगरपालिकेने विहिरींना कायमची कुलपं लावली, एवढंच त्याला म्हणायचं होतं. लहानपणी तो स्वतः याच विहिरीचं पाणी प्यायला होता. सकाळ-संध्याकाळ घंटा व्हायची, कुलूप निघायचं आणि बाया भांडी घेऊन यायच्या.

"खारं?" तात्यांनी विचारलं.

"गोड," म्हातारा म्हणाला. "चारी बाजूंनी समुद्र, आणि विहीर गोड."

तात्या उभे होते ते खाली बसले. आता इथून पुढे ते सांगताना आवाज बदलायचा, आणि आम्ही पोरंही चुळबुळ थांबवायचो.

म्हाताऱ्याने चुलीतला कोळसा आणला आणि फरशीवर चित्र काढलं. ही विहीर खोदलेली नाही, तो म्हणाला, भरलेली आहे. आधी अख्खा चौक तीन माणसं खोल खणायचा, कढईसारखा. त्या कढईला आतून चिकणमातीचा जाड थर द्यायचा, म्हणजे बाहेरचं खारं पाणी आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. मधोमध विटांची पोकळ नळी उभी करायची, तीच विहीर. बाकी सगळी कढई नदीच्या वाळूने भरायची आणि वर फरशी घालायची, चार जागी दगडाची जाळी ठेवून. पाऊस पडला की पाणी जाळीतून वाळूत, वाळूतून गाळून नळीत.

"झिरा!" तात्या मराठीतच ओरडले. "दीनू, झिरा हाय रे हा! माय उकरते तसा झिरा! फकस्त ह्यांनी दारात आणून ठेवला!"

दीनानाथला झिरा माहीत नव्हता. मस्तगडच्या घरात पाणी भरायला गडी होता. तो म्हणाला, "बरं, झिरा. आता तरी चल, राजवाडा राह्यलाय."

तात्या कसले जातात. त्यांनी म्हाताऱ्याला वीस प्रश्न विचारले. वाळू जाड की बारीक? विटा चुन्याने बांधलेल्या की कोरड्या? पहिल्या पावसाचं पाणी घ्यायचे की सोडायचे? म्हाताऱ्यालाही बऱ्याच वर्षांत कुणी इतकं विचारलं नसावं. तो त्यांना मागच्या गल्लीतल्या एका घराच्या अंगणात घेऊन गेला. तिथल्या विहिरीचं झाकण गंजून मोडलं होतं. मोजायला जवळ काही नाही. तात्यांनी चटणीच्या डब्याची सुतळी सोडली, टोकाला दगड बांधला आणि आत सोडली. आमच्याकडे विहिरीची खोली पुरुषात मोजतात, हात वर करून उभ्या माणसाएवढी. ती विहीर पावणेतीन पुरुष भरली. त्यांनी तिथे गाठ मारली. मग तोंडाची रुंदी, जाळीचं अंतर, अंगणाची लांबी, एकेक गाठ मारत गेले. अशी पाच अंगणं झाली. दीनानाथने पाचवं अंगण येईपर्यंत बोलणंच सोडलं होतं.

सोडलेल्या डब्याचं पुढे व्हायचं तेच झालं. पावाला चटणी लावून तिघांनी खाल्ली. म्हाताऱ्याने पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी काढलं, "गरम! गरम!" करत नळाखाली तोंड धरलं, आणि परत येऊन पुन्हा हात पुढे केला. दीनानाथलाही अखेर हसू फुटलं. मग त्याने घड्याळ बघितलं.

सहाला दहा कमी होते.

"बद्री! लोकं इथं राजवाडे बघायला येतात, अन् तू सकाळधरून विहिरी मोजून राह्यला! गाडी गेली तर वजिफा जाईल, बालिष्टरी जाईल, समदं जाईल!"

म्हातारा पुढे, ते दोघं मागे, अशी वरात पळत सुटली. पूल, गल्ली, पूल. तात्यांचे बूट हातात, सुतळी गळ्यात. एका पुलावर दीनानाथची हॅट पुन्हा पाण्यात गेली, आणि या वेळी कोबीची नाव नव्हती. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. गाडी हलायच्या बेतात असताना दोघं चढले. म्हातारा फलाटावर धापा टाकत उभा होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं, आणि ही हळहळ तात्यांना शेवटपर्यंत होती.

तात्या एकोणचाळीस साली परत आले. शेतकी खात्यात नोकरी लागली. चाळीसच्या उन्हाळ्यात रजा काढून त्यांनी आमच्या घरासमोरचं अंगण खणायला घेतलं. गळ्यात तीच सुतळी, गाठी बघून मापं. माझ्या वडिलांनी बैल दिले, नदीवरून वाळू यायला लागली. गाव गोळा व्हायचं.

"विहीर खणून तिच्यात वाळूच भरून राह्यला?"

"विलायतेला गेल्ता तवा बराबर व्हता. तिकडंच काहीतरी झालं."

पावसाळा झाला आणि दिवाळीला नळीत दोन पुरुष पाणी उभं राहिलं. हसणारे घागर घेऊन आले. आजीने त्या पाण्यात डाळ शिजवली. ती शिजली तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवली, प्रत्येक दाणा फुटलेला.

संक्रांतीला बादली तळाला लागली आणि चिखल घेऊन वर आली. कढई कुठेतरी गळत होती. आजीने चुंबळ उचलली आणि पहाटे नदीची वाट धरली. मी तात्यांना त्या दिवशी पाहिलं. ते विहिरीच्या काठावर बसून सुतळीच्या गाठी पुन्हा पुन्हा मोजत होते. मापात चूक नव्हती. म्हाताऱ्याला विचारावं तर नाव माहीत नाही, पत्ता नाही, आणि तिकडे लढाई पेटलेली. तात्यांनी जेवण कमी केलं. आईच्या समोर यायचं टाळायचे. तिने निघताना सांगितलेलं एक काम, आणि तेच हातून होईना.

वैशाखात आजी माळवदावर चढली. आमचं घर मातीचं, वरून सपाट, आणि पावसाआधी दरवर्षी छतावर नवी माती पसरून चोपायची असते. हे काम बायांचं. टोपली वर द्यायला तात्या गेले. त्यांनी जवळची म्हणून परसातली काळी माती भरून दिली.

आजीने ती टोपली तशीच खाली ओतली.

"काळी कशाला? पांढरी आण, गढीकडची. इतकं शिकला अन् एवढं कळंना?"

"काळी चिकट असती की, माय."

"चिकट असती पावसाळ्यात. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळती. काळी टाकून कुणाचं घर गळायचं राह्यलंय? पांढरी कधी फाटत न्हाई."

तात्या शिडीवर उभे होते ते तिथेच थांबले. त्यांनी कढईला आतून काळी मातीच दिली होती. म्हाताऱ्याने चिकणमाती सांगितली आणि यांनी गावातली सगळ्यात चिकट ती निवडली. अस्तर वाळलं, भेगा पडल्या, भेगांत वाळू शिरली आणि त्या भेगा पुन्हा मिटल्याच नाहीत. पाणी त्यातून गेलं. दोन वर्षं विलायतेत मातीचं शिकलेला माणूस, आणि त्याच्या डोक्यावरच्या छताची माती त्याला माहीत नव्हती.

"माय," ते म्हणाले, "मी कढई लिंपून राह्यलो तवा तू बघत व्हती. तवा का न्हाई बोलली?"

"तू इचारलं व्हतं का?" आजी म्हणाली. "मला वाटलं, विलायतेची पद्धत असंल."

तात्या शिडीवरून उतरले आणि गोठ्यात जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले तर डोळे लाल होते. परक्या शहरात परक्या माणसाला वीस प्रश्न विचारले, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिला एकही नाही, असं ते मला म्हणाले. मी आठ वर्षांची. मला काय कळणार, मी मान हलवली.

त्या उन्हाळ्यात वाळू पुन्हा सगळी उपसली. या वेळी अस्तराची देखरेख आजीकडे होती. गढीची पांढरी माती, त्यात भुसा, पाणी किती, तुडवायची किती, चोपायची कशाने, सगळं तीच सांगायची. तात्या चिखलात उभे राहून "बरं", "व्हय" म्हणायचे. शेतकी खात्याचा अधिकारी इतका निमूट मी पुन्हा कधी पाहिला नाही.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. होळीला पाणी होतं, पण उन्हाळ्यासाठी राखायचं म्हणून आजी अजून नदीवरच जायची. बेचाळीसच्या वैशाखात नदीचा झिरा आटला, आणि एका सकाळी आजीने घागर घेऊन नदीऐवजी अंगणात पाऊल टाकलं. तात्या रजेवर आले होते. तिने बादली सोडली, वर ओढली आणि ती ओंजळीने पाणी प्यायली. मग काठावर बसून राहिली.

"बद्री, त्या गावच्या बाया अशाच दारात पाणी भरायच्या?"

"व्हय माय."

"किती वर्सांपासून?"

"पाच-सहाशे वर्सं झाली असतील."

आजीने बादली बाजूला ठेवली. तिने पदर डोक्यावरून मागे घेतला आणि ती गुळगुळीत जागा हाताने चोळली.

"सहाशे वर्सं," ती म्हणाली. "अन् आपल्याला कुणी सांगितलंच न्हाई."

मग तिने बादली पुन्हा विहिरीत सोडली.